व्हॅनची फळी आणि माल बांधायची पट्टी : ताकद वर नाही, खाली आहे

कापडाचे तागे, लूमच्या मोटारी, शिलाई मशिने, तयार कपाटे किंवा एसीचे युनिट पोचवायचे म्हणजे पूर्वी टेम्पोवाल्याची वाट पाहावी लागे. आता आपल्यातील बरेच लहान व्यापारी आणि कारागीर स्वतःची बंद व्हॅन घेऊ लागले आहेत. कोणी ईको कार्गो घेतो, कोणी विंगर, तर कोणी जुनी डिलिव्हरी व्हॅन हप्त्यावर उचलतो. गाडी घरी येते तेव्हा मागे बहुधा नुसता उघडा पत्रा असतो. त्यावर ठेवलेला माल घसरतो, पत्रा दबतो, रंग निघतो आणि पहिल्या पावसाळ्यातच गंज धरू लागतो. मग मालक गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, ‘उस्ताद, खाली प्लाय मारून द्या आणि बेल्ट अडकवायला दोन पट्ट्या लावा.’ काम दीड-दोन दिवसांचे असते. पण ते कसे केले यावर मालाचे आणि पुढे बसलेल्या माणसाचे काय होणार हे ठरते. म्हणून गाडीचा मालक आणि काम करणारा कारागीर या दोघांनीही पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचा एक तरुण मालेगावहून भिवंडीला लूमच्या जुन्या मोटारी घेऊन निघाला होता. बारा मोटारी, प्रत्येकी वीस किलोच्या आसपास. लाकडी खोक्यांत भरून, रॅचेट बेल्टने आवळून बांधलेल्या. कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, यानेही मारला आणि मागची खोकी पट्टीसकट उखडून सीटवर येऊन आदळली. मुलगा वाचला, पण गळपट्टीचे हाड मोडले आणि तीन महिने घरी बसला. गाडी मी नंतर उघडून पाहिली. बेल्ट शाबूत होता आणि पट्टीही शाबूत होती. पट्टी प्लायवर नुसत्या स्क्रूने बसवलेली होती आणि प्रत्येक स्क्रूला लाकडाचा भुगा चिकटलेला होता. तो मला म्हणाला, ‘चाचा, पट्टी तर भारीतली होती. दुकानदार म्हणाला होता, टनाचा माल धरते.’

पट्टी टनाचा माल धरीतही असेल. पण बारा मि.मी.च्या प्लायमध्ये रुतलेला स्क्रू किती धरतो, हे दुकानदाराला कोणी विचारले नव्हते. या सगळ्या कामाचे मर्म एवढेच आहे. माल बेल्ट धरतो, बेल्टला पट्टी धरते, पट्टीला बोल्ट धरतो आणि बोल्टला गाडीचा सांगाडा धरतो. या साखळीतील सर्वांत कच्ची कडी जेवढी, तेवढीच सगळ्या कामाची ताकद. ही कच्ची कडी बहुतेक वेळा खाली, डोळ्यांआड असते.

ब्रेक मारल्यावर मालाचा जोर किती येतो याचा अंदाज नसल्यामुळेही लोक गाफील राहतात. ताशी ४० किलोमीटर वेगातला माल एखाद्या भिंतीला धडकणे हे तो सुमारे वीस फुटांवरून खाली टाकण्यासारखे असते. वेग ६० झाला तर ही उंची ४५ फुटांच्या पुढे जाते. वेग दीडपट होतो, पण धडक सव्वादोनपट होते. रोजच्या ब्रेकसाठी, म्हणजे टक्कर न होता गाडी जोरात थांबवल्यास, युरोपातील ईएन १२१९५-१ हे मानक आणि अमेरिकेतील मालवाहतुकीचा केंद्रीय नियम दोन्ही एकच हिशोब धरतात. मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर पुढच्या दिशेने आणि निम्मा जोर बाजूला व मागे. २४० किलोच्या मोटारी असतील तर ब्रेकच्या वेळी १९२ किलोची ओढ पुढे आणि वळणावर १२० किलोची ओढ बाजूला. ही ओढ हळूहळू येत नाही, झटक्याने येते. आपल्याकडील खड्डे आणि गतिरोधक यांचा वरचा धक्का वेगळाच.

कामाला हात लावण्यापूर्वी गाडीचे नोंदणी पुस्तक उघडावे. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरकात चालक, सोबतचा माणूस, फळी, पट्ट्या आणि माल हे सगळे बसले पाहिजे. साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे साधारण अडीच चौरस मीटरच्या जागेत १२ मि.मी.चा चांगला प्लाय सुमारे २० किलो भरतो. त्याच जागेत तीन मि.मी.ची लोखंडी चेकर प्लेट टाकली तर ६० किलोच्या वर जाते. दोन मि.मी.ची ॲल्युमिनियमची चेकर प्लेट १५ किलोच्या आसपास राहते. ‘लोखंड मजबूत’ म्हणून चेकर प्लेट टाकणारा मालक प्रत्येक फेरीत एका माणसाचे वजन फुकट वाहत असतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, हेही ध्यानात असावे.

याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे सांगितला. तेव्हा प्रवासी नोंदीची व्हॅन स्वस्तात घेऊन, सीटा उपटून तिची मालगाडी करण्याच्या भानगडीत पडू नये. गाडी मालवाहू म्हणूनच नोंदलेली घ्यावी. चेसिस कापणे, छत वाढवणे, जादा खिडकी काढणे हे आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. फळी आणि पट्टीच्या कामाबाबतही आरटीओत विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवावी. दाव्याच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी रिकामी करून धुवावी, वाळवावी आणि मग स्टँडवर चढवून आधी खालून पाहावी, वरून नव्हे. बरेच कारागीर हेच टाळतात. खाली पेट्रोलची किंवा डिझेलची टाकी असते, ब्रेकच्या नळ्या असतात, सायलेन्सर आणि वायरिंग असते. गाडी सीएनजीवर चालत असेल तर गॅसची नळी कोठून जाते तेही पाहावे. ईकोसारखी गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे मधोमध प्रोपेलर शाफ्ट जातो. विंगर पुढच्या चाकांवर चालते, तिच्यात तो नसतो. आडवे क्रॉस मेंबर कोठे कोठे आहेत ते खडूने लिहून घ्यावे, मोजमापे घ्यावीत आणि तीच मापे वरच्या बाजूने पत्र्यावर आखावीत. पट्टीची जागा हे क्रॉस मेंबर ठरवतात. मालकाची आवड ठरवीत नाही. कंपनीने दिलेली हुकांची किंवा सीटची मूळ बोल्टची छिद्रे असतील तर ती सोन्यासारखी मानावीत. त्यांच्याखाली कंपनीने जाड पत्रा आधीच दिलेला असतो.

कुठे गंज दिसला तर तो घासून, रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर मारून, रंग देऊनच पुढे जावे. फळीखाली झाकलेला गंज मरत नाही, तो आतल्या आत वाढतो. कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या गाड्यांत मी फळी उचलल्यावर खालचा रस्ता दिसताना पाहिला आहे.

व्हॅनचा मूळ तळ सपाट नसतो. पत्र्याला ताठपणा यावा म्हणून त्यात लांबट उंचवटे आणि खाचा दाबलेल्या असतात. त्यावर थेट प्लाय टाकला तर खाचांच्या जागी तो पोकळ राहतो, जड माल पडला की तिथेच लचकतो आणि एके दिवशी तडकतो. खाचा भरण्यासाठी खाचेच्या रुंदीच्या प्लायच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या कापून पीयू सीलंटने चिकटवाव्यात. स्वस्त म्हणून पांढरा थर्माकोल वापरू नये. तो जड मालाखाली चेपतो आणि गाडी चालताना कुरकुरतो. पाणी निघून जाण्यासाठी तळाला जी रबरी बुचे दिलेली असतात ती भरून टाकू नयेत.

प्लायच्या बाबतीत दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून काहीही देतो. शिक्का पाहून घ्यावा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा शिक्का आहे. त्यात एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे त्याहून बरा. मासे, फळे, भाजी, बर्फ किंवा मांस वाहणाऱ्यांनी, तसेच किनारपट्टीवरच्या सगळ्यांनी आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायच घ्यावा. फरकाचे पैसे दुसऱ्या पावसाळ्यातच वसूल होतात. बहुतेक कामांना १२ मि.मी. पुरतो. रोज एकाच जागी जड मशीन उभे राहणार असेल तरच १८ मि.मी.चा विचार करावा.

प्लाय कापण्यापूर्वी जाड खाकी कागद किंवा पुठ्ठ्याचा नमुना करावा. चाकांच्या कमानी आणि दरवाजाचे वळण थेट प्लायवर आखायला गेलो की एक शीट वाया जाते. पुठ्ठा दहा वेळा कापला तरी काही बिघडत नाही. कडेने तीन-चार मि.मी. फट ठेवावी, नाहीतर बॉडी पिळली की प्लाय पत्र्याला घासून आवाज करतो. दोन तुकड्यांचा जोड उंचवट्यावर यावा, खाचेवर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्लायच्या कापलेल्या कडांना आणि खालच्या बाजूला सीलर किंवा रंगाचे दोन हात द्यावेत. पाणी प्लायमध्ये वरून फारसे शिरत नाही, कडेने शिरते.

आता पट्टी. बाजारात ‘एल-ट्रॅक’ नावाने जी ॲल्युमिनियमची पट्टी मिळते ती मूळची विमानातली आहे. विमानातील सीटा पुढे-मागे सरकवता याव्यात म्हणून जमिनीत हीच पट्टी असते. तिच्यात दर एक इंचावर गोल छिद्र असते आणि छिद्रे एका अरुंद खाचेने जोडलेली असतात. कडीचा दांडा छिद्रातून आत टाकायचा, अर्धा इंच सरकवायचा आणि वरचा लॉक छिद्रात बसवायचा. म्हणजे गरजेप्रमाणे कडी हवी तिथे आणता येते. दुसरी ‘ई-ट्रॅक’ ही लोखंडी, रुंद, लांबट खाचांची. ती मोठ्या ट्रकच्या भिंतीला शोभते. लहान व्हॅनच्या जमिनीत तिच्या खाचांत माती भरते आणि पायाला ती लागते.

माझे मत विचाराल तर प्रत्येकाला पट्टीची गरज नाही. रोज तेच मशीन, त्याच जागी नेणाऱ्याने सहा चांगल्या डी-कड्या नीट बोल्टने बसवून घ्याव्यात आणि पैसे वाचवावेत. ज्याचा माल रोज बदलतो, आज कपाट, उद्या ताग्यांची गाठोडी, परवा मोटारसायकल, त्याने पट्टीवर खर्च करावा. इलेक्ट्रिकच्या कामाची खाचेची सी-चॅनेल कापून पट्टी म्हणून बसवलेली मी पाहिली आहे. केबल ट्रे टांगायला ती उत्तम आहे. पण गचक्यांनी तिच्यातला स्प्रिंग नट सरकतो, म्हणून माणसाच्या पाठीमागचा माल तिच्या भरवशावर बांधू नये.

एल-ट्रॅक साधारण अर्धा इंच उंच असतो आणि प्लायही १२ मि.मी. म्हणजे जवळजवळ तेवढाच. याचा फायदा घ्यावा. पट्टीच्या रुंदीएवढी जागा प्लायमध्ये मोकळी सोडावी आणि पट्टी प्लायवर न बसवता थेट खाली, पत्र्याच्या उंचवट्यांवर बसवावी. मध्ये खाच येईल तिथे खाली धातूचा तुकडा घालावा. वरचा भाग प्लायशी सपाट होतो, खोकी सरकवताना अडत नाहीत आणि बोल्टच्या दाबाखाली लाकूड येत नाही. लाकूड दबते, सुकते, आक्रसते. त्यावर आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. पट्टी प्लायच्या वरच बसवायची असेल तर प्रत्येक बोल्टभोवती प्लायच्या जाडीएवढी लोखंडी नळी घालावी, म्हणजे ताण नळीवर येतो, लाकडावर नाही.

बोल्टची ताकद हा प्रश्नच नसतो. ८.८ ग्रेडचा ६ मि.मी.चा बोल्ट एक टनाहून अधिक ओढ सोसतो. पण व्हॅनच्या तळाचा पत्रा एक मि.मी.च्या आसपास असतो. नुसता वॉशर लावला तर बोल्ट तुटत नाही, वॉशरसकट पत्र्यातून वर निघून येतो. म्हणून जिथे क्रॉस मेंबर नाही तिथे खालून तीन मि.मी. जाडीची, निदान दोन इंच बाय दोन इंचांची लोखंडी प्लेट घालावी. दोन-तीन बोल्टना मिळून एकच लांब पट्टी दिली तर आणखी चांगले. प्लेटचे कोपरे घासून गोल करावेत, नाहीतर तेच कोपरे पत्रा कापतात. पट्टीला साधारण १०० मि.मी.वर एक बोल्ट असावा आणि दोन्ही टोकांना तो असायलाच हवा. सेल्फ स्क्रू आणि पॉप रिव्हेट इथे चालत नाहीत. खालून हात पोचत नाही अशा एखाद्या ठिकाणी रिव्हेट नट लावावा लागतो, पण सगळे काम त्यावर करू नये.

होल मारताना खाली एक माणूस ठेवावा, पण त्याने डोके बाजूला ठेवावे. ड्रिलच्या बिटावर लाकडाचा ठोकळा चढवून बिट जेमतेम पत्रा ओलांडेल एवढेच बाहेर ठेवावे. टाकीच्या वर होल मारूच नये, मग पट्टी अर्धा फूट सरकली तरी चालेल. वेल्डिंग लागणार असेल तर बॅटरीची वायर आधी सुटी करावी आणि टाकीजवळ वेल्डिंग करू नये. प्रत्येक होलच्या कडा घासून, ब्रशने प्रायमर लावून, सीलंट भरून मगच बोल्ट घालावा. व्हॅन लवकर सडते ती अशा उघड्या राहिलेल्या होलांमुळे. ॲल्युमिनियमची पट्टी आणि लोखंडी पत्रा यांच्या मध्ये सीलंटचा किंवा रबरी टेपचा थर असावा. दोन धातू खारट ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि ते झिजत जाते. खालून नायलॉक नट लावावा, म्हणजे गचक्यांनी सुटत नाही.

फळीवर वरून काय टाकायचे हे मालावर आहे. चेकर प्लेट दिसायला छान, पण ओली झाली की माल तिच्यावर घसरतो. लाकडी खोके प्लायवर जेवढे धरून राहते त्यापेक्षा रबर मॅटवर कितीतरी अधिक राहते. ईएन १२१९५-१ मध्ये लाकूड-प्लाय घर्षणाचा आकडा ०.४५ आणि रबराचा ०.६ धरलेला आहे. म्हणजे मालाखाली रबराचा तुकडा टाकला की बेल्टवरचे ओझे तेवढे हलके होते. हे मॅट फार महाग नसते आणि काच, फर्निचर वाहणाऱ्यांनी ते ठेवावेच.

पुढच्या सीटमागे लोखंडी जाळीची किंवा पत्र्याची आडभिंत नसेल तर फळीच्या कामाबरोबरच तीही बसवून घ्यावी आणि तीही सांगाड्याला, स्क्रूवर नाही. जड माल या आडभिंतीला टेकवून, खाली आणि मधोमध ठेवावा. मध्ये मोकळी जागा ठेवली तर माल त्या जागेत वेग घेतो.

बेल्टच्या लेबलवर एलसी म्हणून आकडा असतो आणि तो डेका-न्यूटनमध्ये असतो. एक डेका-न्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोची ओढ, एवढे धरून चालावे. कडीवरही तिचा आकडा असतो. एका दांड्याची कडी आणि दोन दांड्यांची कडी यांच्या ताकदीत फरक असतो, जड मालाला दोन दांड्यांचीच घ्यावी. यांतला जो आकडा सर्वांत लहान, तोच खरा. अमेरिकेचा नियम असा की सगळ्या बेल्टच्या सुरक्षित ओढीची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी. तो ‘कमीत कमी’ आहे हे लक्षात ठेवावे. माल वरून दाबून बांधण्यापेक्षा पुढे-मागे तिरके बेल्ट लावून धरणे चांगले. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि सुतळी तर भार येताच तुटते. कडी अडकवल्यावर हाताने हिसका देऊन पाहावी. लॉक अर्धवट बसलेली कडी वरून अगदी बरोबर दिसते.

एसी-फ्रीजची कामे करणाऱ्या आणि वेल्डिंगवाल्या बंधूंसाठी एक वेगळी गोष्ट. ॲसिटिलिन आणि एलपीजीचे सिलिंडर आडवे टाकून नेऊ नयेत. उभे ठेवावेत, खाली आणि वर दोन ठिकाणी बांधावेत, व्हॉल्व्हवर टोपी असावी आणि रेग्युलेटर काढलेला असावा. बंद व्हॅनमध्ये सिलिंडर रात्रभर ठेवणे म्हणजे गॅस साठू देणे. सकाळी दार उघडताना किंवा लाईट लावताना एक ठिणगी पुरते. काम संपले की सिलिंडर खाली उतरवावेत.

कारागिरांना आणखी एक सांगणे. प्लाय बसला की खालचे काम कोणाला दिसत नाही आणि चांगल्या कामाचे व वाईट कामाचे बिल सारखेच वाटू लागते. म्हणून गाडी स्टँडवर असतानाच प्रत्येक प्लेटचे आणि बोल्टचे मोबाईलवर फोटो काढावेत आणि ते ग्राहकाला द्यावेत. बिलावर प्लायचा शिक्का, बोल्टचा ग्रेड, प्लेटची जाडी आणि संख्या लिहावी. ग्राहकानेही ते मागावे. यामुळे काम दोनशे-पाचशे रुपयांनी महाग का आहे ते सांगावे लागत नाही. आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून सगळे नट एकदा आवळून द्यावेत. या दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे घेऊ नयेत, ते पहिल्याच दरात धरावेत, म्हणजे ग्राहक परत येतो.